वही दोघांच्या हातात द्या

सॉफ्टवेअर महाग असतं, हे कारण आता बीडच्या मोंढ्यात कुणी सांगू नये. एके काळी ते खरं होतं. पुण्याहून माणूस यायचा, लाखाचं कोटेशन टेबलावर ठेवायचा, वर दरवर्षीचा मेंटेनन्स वेगळा सांगायचा. दुकानदार त्याला चहा पाजून वाटेला लावायचा आणि पुन्हा लाल वहीत डोकं घालायचा. बरोबरच करायचा. वर्षभर राबून ज्याच्या हाती चार पैसे उरतात, त्याने ते कोटेशनवाल्याच्या झोळीत का टाकावेत?

पण गणित बदललंय. आपलं काम साध्या मराठीत नीट समजावून सांगितलं, तर एआय त्या कामाचा प्रोग्राम लिहून देतं. कच्चा असतो, चुका असतात. त्या शोधून, दुरुस्त करून तो चालता करायला गावातला बीसीए झालेला एक जाणता पोरगा पुरतो. पूर्वी ज्याला महिने लागायचे ते आठवड्यांत होतं, आणि वेळ कमी लागला की पैसाही कमी लागतो. तरी आपल्याकडे दोनच सूर कानावर येतात. एक म्हणतो, एआय आलं, आता सगळ्यांच्या पोटावर पाय. दुसरा म्हणतो, एआय आलं, आता सगळं आपोआप होणार. या दोघांनीही आयुष्यात कधी उधारी वसूल केलेली नसते.

स्वस्त आणि कामापुरतं सॉफ्टवेअर कसं असतं हे बघायला सेमिनारला जायची गरज नाही. आष्टी-पाटोद्याकडच्या कुठल्याही दूध संकलन केंद्रावर सकाळी जाऊन उभं राहा. किटली रिकामी होते, काट्यावर आकडा येतो, दुधाचा नमुना मशीनच्या नळीखाली जातो. गवळी आपला कोड नंबर सांगतो. मिनिटभरात छोट्या प्रिंटरमधून चिठ्ठी बाहेर येते : लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. गायीच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ धरून दर ठरलेला असतो, त्याच्या खाली-वर पैसे कमी-जास्त. चौथी शिकलेली आजीसुद्धा त्या चिठ्ठीवरचा फॅटचा आकडा वाचते आणि कमी आला तर तिथंच भांडते.

हे सॉफ्टवेअर खेड्यात रुजायला वर्षं झाली. कुणी त्याला डिजिटल क्रांती म्हटलं नाही, फीत कापली नाही. ते एकच काम करतं आणि गवळ्याला कळेल अशी चिठ्ठी देतं. माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट ही, की हिशेबाचा कागद देणाऱ्याकडे राहतो तसा घेणाऱ्याच्याही खिशात जातो. लबाडी होतेच, मशीनच्या सेटिंगवरून वाद होतात, फॅट मारल्याच्या तक्रारी होतात. पण भांडायला हातात कागद असतो. हिशेब दोन्ही बाजूंना दिसला की धंदा टिकतो, एवढंच मला या आठवड्यात सांगायचंय आणि ते ठासून सांगायचंय.

आता दुधाच्या चिठ्ठीवरून कृषी सेवा केंद्रात या. गेवराई घ्या, माजलगाव घ्या, वडवणी घ्या. मृगाचा पाऊस पडला की दुकानापुढे गर्दी. कापसाच्या बियाण्याची पाकिटं, डीएपीच्या गोण्या, तणनाशक. रोखीचं गिऱ्हाईक थोडं, बाकी सगळी उधारी. कापूस फुटेल, सोयाबीन विकेल, दिवाळीत देऊ, नाहीतर पाडव्याला. या दुकानदाराकडे हिशेबाची साधनं कमी नाहीत. खत विकायला सरकारचं पॉस मशीन आहे. शेतकऱ्याचा अंगठा घेतल्याशिवाय अनुदानाची गोणी हलत नाही. औषधाचं स्टॉक रजिस्टर कायद्याने ठेवावंच लागतं, बिलावर बॅच नंबर लिहावाच लागतो. जीएसटीसाठी सीएकडे वेगळी फाईल जाते. म्हणजे सरकारला हवं ते सगळं मशीनमध्ये आणि रजिस्टरमध्ये. ज्यावर दुकानाचा जीव आहे ती उधारी मात्र वहीत, तीही अशी : ‘तात्या, खालची वस्ती, २ बॅग + औषध, बाकी राहिले’.

कोणते तात्या? औषध कोणतं, किती मिलीचं? दर जूनचा की दिवाळीचा? हे फक्त मालकाच्या डोक्यात असतं. मालकाला उद्या लातूरला किंवा संभाजीनगरला ॲडमिट करायची वेळ आली, तर दुकानात बसणाऱ्या पोराला आणि बायकोला निम्मी बाकी सापडत नाही. मालक गेला तर उधारी त्याच्याबरोबर जाते. तेराव्याच्या आधी कोण आठवण करून देणार आणि तेराव्यानंतर कोण कबूल करणार? अशी बसलेली दुकानं प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत.

शेतकऱ्याचं दुखणं याच वहीच्या पलीकडच्या बाजूला. जूनमध्ये नेलेल्या मालाला दिवाळीत कोणता भाव लागला, व्याज शेकडा दोनाने धरलं की तिनाने, मधे दिलेले पाच हजार जमा झाले की नाही, हे त्याला कळत नाही. वही दुकानदाराची, पेन दुकानदाराचं, त्याने फक्त मान हलवायची.

या दुकानाला काय हवंय? शेतकऱ्याचं नाव, गाव, वस्ती, मोबाईल. माल, दर, रक्कम, देण्याचा वायदा. नोंद झाली की त्याच क्षणी शेतकऱ्याच्या मोबाईलवर मराठीत मेसेज : आज इतक्याचा माल नेला, एकूण बाकी इतकी. जमा केले की पुन्हा मेसेज. वायद्याच्या आधी आठवण. बस्स. पगारपत्रक नको, मनुष्यबळ विभाग नको, रंगीत आलेख नकोत. एका डोकेदुखीवर एक गोळी.

एआयचं काम इथं दोन ठिकाणी येतं. प्रोग्राम लिहून देण्याचं वर सांगितलंच. दुसरं, नोंद करण्याचं. गर्दीच्या दिवशी हाताला बियाण्याचं रंगीत औषध लागलेलं असताना कोण टाईप करत बसणार? फोनला तोंडाने सांगता आलं पाहिजे. हे आता होतं, पण कुणी विकायला आला तर त्याच्यासमोर आधी स्वतः बोलून बघा. ‘पावणेतीन हजार’ म्हणा, ‘सव्वाशे’ म्हणा, ‘साडेबाराशे जमा, बाकी अडीच’ म्हणा. आपल्या बोलीत म्हणा, शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत नको. जे मशीन पावणेतीनचे तीन करतं ते परत पाठवा. आणि चांगलं चाललं तरी एक शिस्त सोडू नका : मशीनने ऐकून लिहावं, माणसाने वाचून हो म्हणावं, मगच नोंद पक्की व्हावी. बेरीज-वजाबाकी तर एआयकडे मुळीच सोपवू नका. ते भाषेत हुशार आहे, आकडेमोडीत छातीठोकपणे चुकतं. बेरजेला साधा प्रोग्राम पुरतो आणि तो चुकत नाही.

आणखी एक गोष्ट एआयवर कधीही सोपवायची नाही : औषधाचं प्रमाण. पानाचा फोटो काढून रोग ओळखणारी ॲप्स आहेत, उपयोगीही आहेत. पण कोणत्या दोन औषधांचं मिश्रण करावं आणि पंपाला किती मिली टाकावं, हे बाटलीवरचं लेबल आणि कृषी विद्यापीठाची शिफारस सांगेल. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली. तिथं मिश्रणं झाली होती, संरक्षणाची साधनं नव्हती. आता तोच चुकीचा सल्ला मोबाईलमधून गोड मराठीत आला, तर तो देणारा कोणत्या दुकानात सापडणार आहे?

सीताफळवाल्यांबद्दल थोडक्यात. बालाघाटातल्या आपल्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नावाचं चीज करायचं तर वेळ साधावी लागते : डोळे उघडलेलं फळ तोडलं की तीन-चार दिवसांत पिकतं, पिकलं की थांबत नाही. इथं नफा-तोटा तारखेवर ठरतो. कोणाची किती पेट्यांची मागणी आली, कोणत्या दिवशी तोडायचं, कोणत्या गाडीला टाकायचं, ही यादी आज व्हॉट्सॲपच्या शंभर मेसेजमध्ये आणि आवाजाच्या क्लिपांमध्ये सांडलेली असते. त्या मेसेजांतून नाव, पत्ता, पेट्या वेचून तारखेप्रमाणे यादी लावणं हे एआयला अगदी जमणारं काम आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बीडला अहिल्यानगरची रेल्वे आली. वाटा वाढताहेत, यादी तरी नीट असू द्या.

आता खरी अडचण. ती पैशाची नाही. दुकानदार खालच्या आवाजात सांगतो, ‘साहेब, मशीनमध्ये टाकलं की सरकारला दिसतं.’ ही भीती उगीच नाही. जुलै २०२५ मध्ये बंगळुरूच्या छोट्या विक्रेत्यांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. पण तो धडा उलटा वाचला जातोय. यूपीआयचा आकडा बँकेकडे आहेच. तुमच्याकडे हिशेब नसला, तर सरकारकडे तुमचा आकडा असतो आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. खात्यात आलेल्या रकमेतली विक्री किती, उसनवारी किती, घरचे पैसे किती, हे दाखवायला कागद लागतो. निव्वळ माल विकणाऱ्याला वर्षाला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीच लागत नाही. दीड कोटीपर्यंत कंपोझिशनची सोय आहे, व्यापाऱ्याला एक टक्का कर. हे ज्याने समजून घेतलं त्याची अर्धी भीती जाते. नोटीस इंग्रजीत येते, ती समजून घ्यायला एआयचा भरपूर उपयोग आहे. मराठीत विचारा, ओळ-ओळ समजावून देईल. उत्तर मात्र सीएला दाखवूनच पाठवा.

शिवाय हिशेब नसलेल्या दुकानाला बँक दारात उभं करत नाही. मग उरतो सावकार, नाहीतर जास्त व्याजाची पतसंस्था. पतसंस्थांचं बीडकरांना वेगळं सांगायला नको. मल्टिस्टेटच्या शाखा चकचकीत होत्या, काउंटरवर संगणक होते, पासबुकं छापून मिळत होती, आणि तरी हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. संगणकात आहे म्हणजे खरं आहे, असं मानायचे दिवस या जिल्ह्यात संपले. म्हणूनच सॉफ्टवेअर विकायला कुणी आला तर त्याच्या पडद्याला भुलू नका. माझ्या सगळ्या नोंदी मला हव्या तेव्हा एक्सेलच्या फायलीत मिळतील का, हे विचारा. वर्गणी थांबली तर माझी वही तुमच्याकडे अडकेल का, हे विचारा. मांजरसुंबा घाटाच्या पलीकडे रेंज गेली, लाईट गेली, तर नोंद करता येईल का? बहुतेक विक्रेते पहिल्याच प्रश्नाला विषय बदलतात. ज्याने बदलला त्याला उठवा. मोठा व्याप असलेल्यांनी ‘ईआरपीनेक्स्ट’ बघावं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बनवलेलं, मुक्त परवान्याचं, फुकट वापरता येणारं आणि आपल्या कामाप्रमाणे बदलून घेता येणारं. लाखाचं कोटेशन ठेवणाऱ्यांपैकी कितीजण याचं नाव गिऱ्हाइकाला सांगतात?

हे बनवणार कोण? बीड जिल्हा दोन प्रकारचे लोक बाहेर पाठवतो. दसऱ्यानंतर ऊसतोडीला कोयते जातात आणि निकाल लागला की कॉम्प्युटर शिकलेली पोरं जातात. पोरांना दोष नाही, इथं पगार देणारं कोण आहे? पण ती जायच्या आधी शेवटचं वर्ष आपल्या कॉलेजांमध्ये काढतात, आणि त्या वर्षाच्या प्रोजेक्टचं आपण मातेरं करतो. वर्षानुवर्षं तीच ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’, तेच ‘हॉस्टेल मॅनेजमेंट’, मागच्या बॅचकडून घेतलेलं, वर कव्हर नवं. आता तर ते एआय एका दुपारी लिहून देतं, म्हणजे त्यातून पोरगं काहीच शिकत नाही. माझी जिल्ह्यातल्या कॉलेजांना सरळ मागणी आहे : प्रत्येक प्रोजेक्ट मोंढ्यातल्या, एमआयडीसीतल्या किंवा बचत गटातल्या एका खऱ्या धंद्याचा असावा, आणि गुण त्या दुकानदाराने द्यावेत. सहा महिने वापरलं की पास. उधारीचं दुखणं समजून घ्यायला पोराला दुकानात बसावं लागेल, शिव्या खाव्या लागतील, ‘तात्या’ म्हणजे नेमके कोण हे विचारावं लागेल. हे कौशल्य एआयकडे नाही. आणि असे दहा दुकानदार महिन्याला ठरलेली रक्कम द्यायला तयार झाले, तर त्या पोराला हिंजवडीची खोली भाड्याने घ्यायचं कारण उरत नाही.

आणि या प्रोजेक्टांपैकी पहिला मी मुकादमाला देईन.

ऊसतोडीचा मुकादम हाही छोटा व्यावसायिकच. कारखान्याकडून उचल घ्यायची, कोयत्यांना वाटायची, टोळी घेऊन जायची, कमिशन घ्यायचं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि त्यांना मिळालेली उचल ऊस तोडून फेडायची. या सगळ्या लाखोंच्या व्यवहाराची वही एकट्या मुकादमाकडे. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचं वजन किलोपर्यंत नोंदलं जातं. ऊस ज्याचा, त्या शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज जातो. ज्या जोडीने पहाटेच्या थंडीत तो ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून गाडीत भरला, तिला काय मिळतं? मुकादम सांगेल तो आकडा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती आपल्या हिशेबात पुरती उतरली का, हे मजुराने तपासायचं कशावरून?

या वहीतला एक शब्द आहे ‘खाडा’. एक दिवस कामावर नाही आलं की दंड, तो उचलीत वाढतो. बाई आजारी असो, पाळी असो, बाळंत झालेली असो, खाडा म्हणजे खाडा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात तोडणीला जाणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने हा विषय विधिमंडळापर्यंत नेला. कारणं अनेक होती, डॉक्टरांचा स्वार्थ त्यात होताच. पण दुखण्यापायी दिवस बुडू नये, खाडा पडू नये, ही धास्तीही त्यात होती. तो खाडा किती दिवसांचा, किती रुपयांचा, कुणी लावला, याचा एक कागद त्या बायकांच्या हातात कधी पडला नाही.

मुकादमाची बाजूही मला ठाऊक आहे. दोन-दोन मुकादमांची उचल घेऊन माणसं गायब होतात, कारखाना मुकादमाला धरतो, मुकादमाची जमीन जाते. खरं आहे. म्हणूनच त्यालाही दोन बाजूंची वही हवी. उचल दिली त्याच क्षणी मजुराच्या फोनवर नोंद, नवऱ्याच्या आणि बायकोच्याही. ज्याला वाचता येत नाही त्याला आवाजात, मराठीत किंवा लमाणीत. मराठी आवाज एआय आज देतं, लमाणीचा माणसाने एकदा रेकॉर्ड करून ठेवावा. खेप भरली की काट्याचं वजन. खाडा लावला तर कारणासहित, आणि त्यावर ‘मान्य नाही’ म्हणायला एक बटण. कोऱ्या स्टँपवर अंगठे घेण्यापेक्षा मुकादमाला हे कोर्टातही जास्त उपयोगी पडेल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. ते परळीचे होते, महामंडळाने हे काम त्यांच्याच जिल्ह्यातून सुरू करावं. पैसा फार लागत नाही. लागते ती कारखान्यांना काट्याची नोंद मजुरापर्यंत पोचवायला सांगायची धमक.

कारखाने म्हणतील, मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. वर्षानुवर्षं हेच ऐकतोय. पण वजन तुमच्या काट्याचं आहे, गाडीचा नंबर तुमच्या संगणकात आहे, टोळीचा कोडही तुमच्याचकडे आहे. त्या कोडापुढे वीस मोबाईल नंबर जोडायचे आहेत.

कॉलेजचं सत्र पावसाळ्यात सुरू होतं. उचलीची बोलणी त्याच सुमारास रंगतात, गाड्या दसऱ्यानंतर हलतात. एका प्रोजेक्टला तेवढे महिने भरपूर झाले. कोणत्या कॉलेजातले कोणते सर पोरांना घेऊन मुकादमाच्या ओट्यावर जायला तयार आहेत, ते मला कळवा. टोळी मी मिळवून देतो.